कोरडा वेत

कुणाच्या घरी गेला की तो आधी खुर्चीकडे बघायचा, मग माणसाकडे. बसण्याआधी खुर्चीच्या पोटाखालून हात फिरवायचा. घरमालकाला वाटायचं, याचं काही हरवलं की काय.

स्वतः विणलेल्या खुर्चीवर कधी बसायचा नाही. शिंपी गिऱ्हाइकाचा कोट घालून फिरतो का, असं विचारायचा.

काम करताना वेताची ओली पट्टी दातांत धरायचा. त्यामुळे दुकानातलं त्याचं अर्धं बोलणं कुणालाच कळायचं नाही. ताईला कळायचं.

सही उजव्या हातानं करायचा. बाकी सगळं डाव्या.

विनोद झाला की सगळ्यांबरोबर हसायचा नाही. सगळे हसून, डोळे पुसून, पुढच्या विषयाला लागले की मग एकटा हसायचा.

आणि त्याचं ते 'हो'. एकदा 'हो' म्हणाला, तर काम झालंच म्हणून समजायचं. 'हो हो' असं दोनदा म्हणाला, तर ते या जन्मात होणार नाही. भांडण त्याला जमत नसे. त्याचं भांडण एवढंच. कोपऱ्यावरचा दुकानदार कित्येक महिने फसत होता. माझं स्टूल आज विणून दे बाबा, म्हणायचा. 'हो हो' ऐकून खूश होऊन परत जायचा.

सगळे त्याला डाव्या म्हणत. तो सैनिक होता. शत्रूच्या कैदेत मेला.

दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. छताच्या आकड्यांना खुर्च्यांचे नुसते सांगाडे उलटे टांगलेले. त्यांच्या चौकटींना चारी बाजूंनी बारीक भोकं. भिंतीशी वेताची वेटोळी. खाली पत्र्याचा टब, त्यात भिजत घातलेल्या पट्ट्या. एका डब्यात लाकडी खुंट्या, दुसऱ्यात टोचे. खोलीला ओल्या वेताचा वास. बाहेरून येणाऱ्याला तो आधी नको वाटायचा आणि निघताना आवडायला लागायचा.

वडील लवकर गेले. जाण्यापूर्वी त्यांनी ताईला काम शिकवलं होतं. ताईनं ते धाकट्या भावाला शिकवलं. आधी उभ्या पट्ट्या, मग आडव्या, मग त्यांच्यावर परत उभ्या, परत आडव्या. शेवटी दोन तिरप्या, एक या कोपऱ्यातून आणि एक त्या. सगळी खुर्ची पेलून धरतात त्या या तिरप्या. ताई पहिली तिरपी उजव्या कोपऱ्यातून काढायची, डाव्या मात्र ती डावीकडच्या कोपऱ्यातून काढायचा. ताई त्याला वाकड्यात शिरलेला म्हणायची. तो पट्टी दातांत धरून काहीतरी उत्तर द्यायचा. ते इथं लिहिण्यासारखं नसायचं.

वेत भिजवणं हे आईचं काम. या घरातला पहिला धडा तोच. वेत भिजवल्याशिवाय हातात घ्यायचा नाही. कोरडा वेत विणता येत नाही असं नाही. हात हलका असेल तर येतो. दिसतोही झकास, ताठ आणि चकचकीत. फक्त त्यावर कुणी बसायचं नाही. बसलं की तडकलाच.

डाव्यानं लहानपणी एकदा हा धडा तपासून बघितला होता. खेळायला जायची घाई होती. पट्ट्या भिजेपर्यंत थांबवेना. त्यानं घरातलंच एक स्टूल कोरडं विणलं आणि पळाला. आई दमून येऊन त्यावर टेकली आणि थेट चौकटीत जाऊन बसली. पाय वर. ताईनं ओढून काढलं. शेजारणी हसून हसून भिंतीला टेकल्या. डाव्या आला तेव्हा आईनं त्याला चांगला धुतला. मग सगळं शांत झालं. जेवणं झाली. आणि जेवणानंतर तो एकटाच खिदळायला लागला. त्यावर पुन्हा मार बसला.

"मेल्या," आई म्हणाली, "जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, ती ही अशी."

मोठा झाल्यावर तो सैन्यात गेला. का गेला, हे त्यानं धडपणे कधी सांगितलं नाही. इतकी वर्षं लोकांच्या बसण्याची सोय केली, आता जरा उभं राहण्याचं काम करतो, असं म्हणायचा. सुट्टीवर आला की गणवेश खुंटीला टांगायचा आणि पट्टी दातांत धरून कामाला बसायचा. शेवटच्या सुट्टीत त्यानं शाळेच्या हेडसरांची खुर्ची विणायला घेतली होती. सुट्टी संपायच्या आधीच बोलावणं आलं.

मग युद्ध झालं. त्यात कोण जिंकलं, ते छापून आलं. या घरात तीन निरोप आले. पहिला, बेपत्ता. दुसरा, जिवंत आहे, कैदेत आहे. त्या दिवशी आईनं टबातलं पाणी दोनदा बदललं, काही कारण नसताना. तिसरा निरोप हिवाळा संपता संपता आला. कैदेत असताना आजारानं मृत्यू. त्यांनीच तिकडं पुरलं होतं. आणण्यासारखं काही नव्हतं.

दुसऱ्या आणि तिसऱ्या निरोपाच्या मधल्या दिवसांत गल्लीच्या जिभेला हाड नव्हतं. ताईसमोर कुणी बोललं नाही. पण विणणाऱ्या माणसाची मान खाली असते आणि कान मोकळे असतात. हात वर केले म्हणे, असं दारावरून जाता जाता कुणीतरी म्हणायचं. कोपऱ्यावरच्या दुकानदारानं तर ताईला ऐकू जाईल अशा बेतानं गिऱ्हाइकाला सांगितलं, की त्याच्या नात्यातला एक जण लढता लढता गेला होता, त्याची गोष्ट वेगळी. डाव्या मेल्यावर मात्र गल्लीनं त्याला मोठ्या मनानं माफ केलं.

आईनं त्या दिवसापासून 'मेल्या' हा शब्द टाकला. मांजरालासुद्धा म्हणेना.

हेडसर आले ते एका दुपारी. त्यांनी ताईलाही शिकवलं होतं आणि डाव्यालाही. बाकावर बसले. छताला त्यांची स्वतःची खुर्ची अर्धवट टांगलेली होती. तिच्याकडे त्यांनी एकदा बघितलं आणि नजर काढून घेतली. खुर्चीचं काही विचारलं नाही. शाळेच्या सभागृहात डाव्याचा फोटो लावायचा, असं ठरलं होतं. खाली एक ओळ. ती त्यांनी लिहूनच आणली होती. रणभूमीवर लढता लढता वीरमरण.

"परत वाचा," आई म्हणाली.

त्यांनी परत वाचलं.

"म्हणजे एका झटक्यात गेला," आई म्हणाली. ती विचारत नव्हती.

हेडसरांनी मान हलवली. ते वाईट माणूस नव्हते. समोर मुलाची आई बसली होती. ती जे मागत होती ते त्यांच्याजवळ होतं आणि त्यांनी ते दिलं.

 फोटो ताईकडे होता. गणवेशातला एकच, शेवटच्या सुट्टीत स्टुडिओत काढलेला. ती म्हणाली, फ्रेमची काच फुटली आहे, बसवून देते. काच शाबूत होती.

त्यानंतर कित्येक दिवस ती एकाच विचाराभोवती फिरत राहिली. तो लढाईतच मेला असेल, तर मग तो हिवाळा कुणी जगला? तिकडं तो रोज सकाळी उठला असेल. कशावर तरी झोपला असेल. कुणाशी तरी बोलला असेल. कुणाच्या तरी विनोदावर उशिरा हसला असेल. तेवढे दिवस त्याच्या आयुष्यातून कापून टाकायचे, गल्लीला लाज वाटते म्हणून? जो माणूस पट्टीचं टोकसुद्धा वाया जाऊ देत नव्हता, त्याचे?

पण आई रात्री झोपायला लागली होती. एका झटक्यात गेला, एवढ्या वाक्यावर ती झोपत होती. ते वाक्य तिच्या उशाखालून ओढून काढायचं धाडस ताईला होईना. काच बसवायची राहिली, एवढंच ती सांगत राहिली.

मग कैद्यांची अदलाबदल झाली आणि डाव्याच्या तुकडीतला ड्रायव्हर घरी आला.

त्याच्या अंगावरचा कोट त्याचा नव्हता, खांदे खाली उतरले होते. दारात उभा राहून त्यानं डाव्याचं घर हेच का, असं विचारलं. ताईनं त्याला खुर्ची दिली. तो वाकला, खुर्चीच्या पोटाखालून हात फिरवला आणि मगच बसला.

ताईच्या हातातला टोचा तसाच राहिला.

"त्यानंच सवय लावली," ड्रायव्हर ओशाळून म्हणाला. "आता सुटत नाही."

आई आतल्या दारात येऊन उभी राहिली. ताईला वाटलं, तिला आत पाठवावं. पण ड्रायव्हरनं सुरुवात केली होती. गोळ्या संपल्या होत्या. खड्ड्यात दोन जखमी होते, चालता न येणारे. रात्री पळून जाता आलं असतं. डाव्या म्हणाला, तुम्ही जा. मग कुणीच गेलं नाही. सकाळी शत्रू आला. त्या दोघांतला एक जगला. या कोटात तोच बसला होता.

छावणीत प्रत्येकाला धंदा विचारला. डाव्यानं खरं ते सांगितलं. हिवाळ्याच्या तोंडाला तिथल्या मुख्याधिकाऱ्यानं त्याला बोलावून घेतलं. कचेरीतल्या वेताच्या खुर्चीची बैठक फाटली होती. वरचा मोठा साहेब पाहणीला येणार होता. मुख्याधिकाऱ्यानं दुभाष्याकडून विचारलं, विणून देशील? दुप्पट पाव मिळेल, एक घोंगडी मिळेल.

"तो काय म्हणाला?" ताईनं विचारलं.

"म्हणाला, हो हो."

"दोनदा?"

"काय दोनदा?"

"दोनदा म्हणाला? हो हो?"

"तसंच म्हणाला. लगेच." ड्रायव्हरनं खाली बघितलं. "आम्हाला फार लागलं ते. म्हटलं, पावासाठी त्यांची खुर्ची विणतोय. तो विणत होता तेवढे दिवस आमच्यातलं कुणी त्याच्याशी बोललं नाही. मीसुद्धा नाही. आणि मी कुणामुळे जिवंत होतो?"

 ताईच्या मनात ते 'हो हो' अडकून राहिलं होतं. पण त्यानं काय केलं हे तिला अजून धड कळत नव्हतं.

कळलं ते आईला.

"पाणी मागितलं होतं का त्यानं?" ती दारातून म्हणाली.

"कसलं पाणी, आई?"

"वेत भिजवायला. टबभर तरी लागतं."

ड्रायव्हरनं आठवून बघितलं. पाय बरा होत होता म्हणून छावणीत बसल्या बसल्या पाणी वाटायचं काम त्याच्याकडेच होतं. "नाही," तो म्हणाला. "मला वाटलं, बोलत नाही म्हणून मागत नसेल. लोटाभरसुद्धा मागितलं नाही."

आई चौकटीला धरून हळूहळू खाली बसली.

"कोरडा विणला मेल्यानं," ती म्हणाली.

इतक्या महिन्यांनी तो शब्द घरात आला. ताईनं तिच्याकडे बघितलं. ड्रायव्हरला काही उमगलं नाही, पण त्यानं गोष्ट पुढं नेली. मोठा साहेब आला तेव्हा कैद्यांना मोजणीसाठी रांगेत उभं केलं होतं. साहेबासाठी खुर्ची अंगणात आणून ठेवली. बैठक नव्या आरशासारखी चमकत होती. मुख्याधिकाऱ्यानं स्वतः रुमालानं पुसली. साहेब बसला. बंदूक उडावी तसा आवाज झाला. साहेब चौकटीत, बूट आभाळाकडे. दोघांनी धरून ओढला तर खुर्चीही त्याच्यासोबत उभी राहिली.

रांगेत आधी कुणी श्वास घेतला नाही. मग एका टोकाला एक जण फसकन हसला. मग सगळी रांग. पहारेकऱ्यांनी तोंडं फिरवली, त्यांचेही खांदे हलत होते. मग दांडके निघाले आणि सगळे गप्प झाले. अगदी गप्प.

"आणि त्या शांततेत," ड्रायव्हर म्हणाला, "हा एकटा हसायला लागला."

ताईनं डोळे मिटले.

मुख्याधिकाऱ्याला स्वतःची मान वाचवायची होती. त्यानं डाव्याला सोपी वाट दाखवली. वेत सडका निघाला, एवढं सांग. प्रकरण मिटलं. दुभाष्यानं दोनदा समजावलं. तो बिचारा आपल्या परीनं मदतच करत होता. डाव्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, वेत चांगला होता.

त्याला दगडी कोठडीत ठेवलं. घोंगडी काढून घेतली. रोज सकाळी विचारायचे. वेत कसा होता? चांगला होता. खोकला लागला तरी तेच. आवाज गेल्यावर मान हलवून तेच. अगदी शेवटी बाहेर आणला. ड्रायव्हरच्या शेजारीच त्याची जागा होती. गेला तेव्हा शुद्धीत होता. घाबरलेला नव्हता. पाव काही त्याला मिळाला नाही, असं ड्रायव्हरनं मुद्दाम सांगितलं, जणू त्या गोष्टीचा अजून कुणाला संशय असावा.

 टबात एक पट्टी उलगडून वर आली.

आणि आई हसली. आधी नुसतं नाकातून. मग तोंडावर हात धरून. मग हातही सुटला. "बूट वर?" तिनं ड्रायव्हरला विचारलं. "खुर्ची उठली त्याच्यासोबत?" ड्रायव्हरनं पुन्हा सांगितलं. ती पुन्हा हसली. डोळ्यांतून पाणी येत होतं, ती ते पुसत नव्हती. "जित्याची खोड..." एवढं म्हणून ती थांबली. पुढचे शब्द तिनं घेतले नाहीत. या पोराच्या बाबतीत ते खरे नव्हतेच.

दुसऱ्या दिवशी ताई फोटो घेऊन शाळेत गेली. हेडसर कचेरीत एका लाकडी स्टुलावर उशी टाकून बसले होते. तिनं त्यांना सगळं सांगितलं. मग म्हणाली, ओळ बदलायची आहे. आईनंच सांगितली आहे. कागदावर ताईच्या अक्षरात दोनच वाक्यं होती. शत्रूच्या कैदेत मेला. शेवटपर्यंत कुणाचं ऐकलं नाही.

हेडसरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. कैद हा शब्द आला की लोक विचारतील, म्हणाले. ताई म्हणाली, विचारू देत, दुकान सकाळपासून उघडं असतं. खुर्चीची गोष्ट कळली तर मुलं हसतील, म्हणाले.

"हसू देत सर. त्या दिवशीही हसली होती माणसं. तेवढ्यासाठीच तर केलं त्यानं."

"अगं, पण ही शाळा आहे," हेडसर काकुळतीला आले. "कुणाचं ऐकलं नाही, असं मी मुलांच्या डोक्यावर कसं लटकवू? उद्या ती माझं ऐकतील का?"

"तुमचं त्यानं ऐकलं होतं."

"काय ऐकलं?"

"सही उजव्या हातानं करायचा. शेवटपर्यंत."

 लहानपणी डाव्याच्या डाव्या हातावर पट्टी मारून त्याला उजव्यानं लिहायला लावणारे हेडसरच होते. पण समितीला विचारावं लागेल, असं ते शेवटी म्हणाले आणि समिती काय म्हणेल हे दोघांनाही ठाऊक होतं. ताईनं फोटो काखेत मारला आणि घरी आणला.

तिनं तो दुकानातच लावला, रस्त्याकडे तोंड करून. ड्रायव्हरनं खिळा ठोकला. खाली पुठ्ठ्यावर ती दोन वाक्यं, दुकानाच्या पाटीच्याच रंगात. शाळेतल्या फोटोच्या कार्यक्रमाचा दिवस आला आणि गेला. सभागृहात खिळा नुसताच राहिला. दुकानदारानं येऊन ऐकवलं, की मान चालून आला होता आणि बाईंनी दारातून परत पाठवला. कैद कैद काय लावलंय, झाकली मूठ बरी होती.

"झाकायला ती माझी मूठ नाही," ताई म्हणाली. "बसा, सांगते."

तिनं विणता विणता त्याला गोष्ट सांगितली. गोष्ट साहेबापर्यंत आली तेव्हा त्याला हसू आवरेना. मग त्याचं स्वतःचं न विणलेलं स्टूल त्याला आठवलं असावं. तो उठला आणि बराच वेळ फोटोसमोर उभा राहिला.

नंतर लोक येतच राहिले. कुणी मोडकी खुर्ची घेऊन, कुणी नुसतेच. ताई प्रत्येकाला सांगायची. एक शब्द कमी नाही, एक जास्त नाही. कैदेत, असं ती मोठ्यानं म्हणायची. एकदा तर शाळेचा अख्खा वर्ग दारात उभा होता. काही दिवसांनी गल्लीत एक गंमत दिसू लागली. न्हाव्याकडे, दवाखान्यात, दुकानात, माणसं बसण्याआधी खुर्चीच्या पोटाखालून हात फिरवू लागली.

हेडसर आले ते असेच एका दुपारी. रस्त्यावर उभं राहूनच त्यांनी पुठ्ठा वाचला. मग पुन्हा वाचला, पहिल्या दिवशी आईनं वाचायला लावलं होतं तसा. आत येऊन म्हणाले, "फोटो दे. आहे तसा. खालच्या मजकुरासकट."

"समिती?"

"समितीचं मी ऐकलं नाही," हेडसर म्हणाले आणि स्वतःच जरा दचकले.

ताईनं फोटो उतरवला. काच पुसून त्यांच्या हातात दिला. पुठ्ठा फोटोला बांधला. आईनं तो दोनदा तपासून बघितला, शब्द जागच्या जागी आहेत ना म्हणून.

निघताना हेडसरांनी वर बघितलं. छताला त्यांची खुर्ची होती. आपण स्टुलाला सरावलो आहोत, असं ते म्हणाले. घाई काहीच नाही. पण तिचंही काम कधीतरी पुरं करशील ना?

"हो हो," ताई म्हणाली.

खुर्ची अजून तिथंच आहे. उभ्या पट्ट्या झालेल्या आहेत, आडव्या झालेल्या आहेत. एक तिरपीही पूर्ण आहे, डाव्या कोपऱ्यातून काढलेली. दुसरी निम्म्यात थांबली आहे. उरलेली पट्टी खाली लोंबते. तिच्या टोकाला दातांच्या खुणा आहेत.